प्रतिदीप्तीय विश्लेषणाचा इतिहास

प्रतिदीप्तीय विश्लेषण : काही पदार्थांवर विशिष्ट तरंगलांबीचे प्रारण पाडले असता ते पदार्थ त्याचा काही भाग शोषून घेतात व बहुधा त्याहून अधिक तरंगलांबीचे प्रारण बाहेर टाकतात. पडणारे प्रारण थांबविताच हे उत्सर्जनही जवळजवळ तत्काळ थांबते. या आविष्कारास प्रतिदीप्ती अथवा फ्ल्युओरेसन्स असे म्हणतात. उत्सर्जित प्रारणाचा वर्णपट व तीव्रता यांवरून पदार्थातील घटक ओळखणे आणि त्यांचे प्रमाण ठरविणे या पद्धतीस प्रतिदीप्तीय विश्लेषण ही संज्ञा आहे.

निसर्गात व व्यवहारात आढळणारे बहुतेक पदार्थ मिश्रणे असतात. रक्त, विहिरीचे पाणी, भुईमुगाची पेंड, पेट्रोल, खडक ही त्यांची उदाहरणे होत. मिश्रणातील घटक एकमेकांपासून अलग करून मग त्यांची परीक्षा करणे हा रसायनशास्त्राचा जुना मार्ग आहे. तथापि हा मार्ग वेळखाऊ असतो, कित्येकदा नमुना नष्ट करतो आणि काही मिश्रणांच्या बाबतीत तर तो जवळजवळ बंदच असतो. मिश्रण न मोडता त्यातील घटक ओळखता येतील काय, या प्रश्नाभोवती प्रतिदीप्तीय विश्लेषणाचा इतिहास घडला आहे. या इतिहासाच्या दोन शाखा आहेत. दृश्य व जंबुपार प्रकाशाशी संबंधित असलेली शाखा प्रामुख्याने रेणू ओळखते, तर क्ष-किरणांशी संबंधित असलेली शाखा मूलद्रव्ये ओळखते. दुसऱ्या शाखेचे व तिच्याशी निकट नाते असलेल्या तंत्रांचे एक महत्त्वाचे फलित महाराष्ट्रात, नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २०१२ मध्ये पडलेल्या अशनीच्या अभ्यासातून मिळाले आहे. त्याचा परामर्श या लेखात शेवटी घेतला आहे.

तत्त्व : प्रकाशाचा पुंज शोषला गेला म्हणजे रेणूतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जा पातळीवर जातो. या उत्तेजित अवस्थेत रेणू अत्यल्प काळ, सामान्यतः सेकंदाच्या काही अब्जांश भागापर्यंत राहतो. या अवधीत त्याची थोडी ऊर्जा कंपनांच्या रूपाने आसपासच्या रेणूंना मिळते आणि उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्यामुळे उत्सर्जित प्रकाशाची ऊर्जा शोषलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेपेक्षा कमी व तरंगलांबी अधिक असते. सौम्य सल्फ्युरिक अम्लातील क्विनीन सु. ३५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य जंबुपार प्रकाश शोषून सु. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते, हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. पोलिश भौतिकीविज्ञ अलेक्झांडर याब्लॉन्स्की यांनी १९३३ मध्ये या ऊर्जा पातळ्यांची आकृती मांडली. तिच्या सुधारित स्वरूपाचा उपयोग आजही पाठ्यपुस्तकांत केला जातो.

शोषणावर आधारलेल्या पद्धतीत भरपूर प्रकाशातून वजा झालेला अल्प अंश मोजावा लागतो. उलट प्रतिदीप्तीमध्ये जवळजवळ काळोख्या पार्श्वभूमीवर उमटलेला प्रकाश मोजला जातो. त्यामुळे ही पद्धत अतिशय संवेदनशील असून अनुकूल परिस्थितीत अब्ज भागांतील एखाद-दुसरा भागही तिने ओळखता येतो. शिवाय घटक ओळखण्यासाठी तिच्यात दोन तरंगलांब्या उपलब्ध होतात : एक शोषणाची व दुसरी उत्सर्जनाची. मिश्रणाच्या विश्लेषणात या दुहेरी खुणेला विशेष महत्त्व आहे.

प्रारंभ : स्पॅनिश वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५६५ मध्ये मेक्सिकोतील एका औषधी लाकडाच्या काढ्यात दिसणाऱ्या निळ्या झाकीचे वर्णन केले होते. इंग्लिश ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांना १८४५ मध्ये क्विनीन सल्फेटाच्या रंगहीन विद्रावाच्या पृष्ठभागाजवळ निळी आभा दिसली. तिचे कारण मात्र त्यांना नेमके सांगता आले नाही. ते जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स (१८१९–१९०३) या भौतिकीविज्ञांनी १८५२ मध्ये शोधून काढले. त्यांनी सूर्यप्रकाशाचा लोलकाने वर्णपट पाडला आणि क्विनिनाच्या विद्रावाची नळी त्यातून जांभळ्या टोकाकडे सरकवीत नेली. दृश्य वर्णपट संपल्यानंतरच्या अंधाऱ्या भागात नळी पोहोचली तेव्हा विद्राव निळ्या प्रकाशाने उजळला. अदृश्य प्रकाशाचे रूपांतर दृश्य प्रकाशात होते व त्या रूपांतरात तरंगलांबी वाढते, असा निष्कर्ष स्टोक्स यांनी काढला. फ्ल्युओरस्पार या खनिजाच्या नावावरून ‘फ्ल्युओरेसन्स’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली.

हा केवळ भौतिकीतील शोध नसून रसायनशास्त्राचे एक साधन आहे, हेही स्टोक्स यांनी ओळखले होते. १८६४ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात प्रकाशीय गुणधर्मांच्या साहाय्याने कार्बनी पदार्थ ओळखता येतात व एकमेकांपासून वेगळे जाणता येतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. प्रत्यक्ष विश्लेषणात या गुणधर्माचा उपयोग प्रथम फ्रीड्रिख गॉप्पेल्सरोडर या स्विस रसायनशास्त्रज्ञांनी १८६७ च्या सुमारास केला. ॲल्युमिनियमाची लवणे स्वतः प्रकाशत नाहीत, पण मोरिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्याशी त्यांचा संयोग झाला म्हणजे तीव्र हिरवी प्रतिदीप्ती मिळते. जो घटक प्रकाशत नाही त्याला प्रकाशणाऱ्या संयुगात गुंतवून ओळखण्याची ही युक्ती अकार्बनी विश्लेषणात पुढे फार उपयोगी पडली.

मिश्रणाची अडचण : शुद्ध विद्रावात सरळ वाटणारी ही पद्धत मिश्रणात मात्र तीन प्रकारे फसवू शकते. पहिला प्रकार शमनाचा होय. क्विनिनाच्या विद्रावात मीठ घातले की त्याची निळी आभा मंदावते, कारण क्लोराइड आयनांमुळे उत्तेजित रेणूची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्यापूर्वीच निघून जाते. येथे क्विनिनाचे प्रमाण तेच राहते, पण प्रकाश घटतो. दुसरा प्रकार अंतर्गत गाळणीचा होय. मिश्रणातील अन्य पदार्थ पाडलेला प्रकाश किंवा बाहेर येणारी प्रतिदीप्ती वाटेतच शोषून घेतात. यामुळे एका मर्यादेपलीकडे घटकाचे प्रमाण वाढले तरी प्रकाश वाढण्याऐवजी घटू लागतो. तिसरा प्रकार अतिव्याप्तीचा आहे. द्रवरूप कार्बनी संयुगांचे प्रतिदीप्ती वर्णपट रुंद व पसरट असतात, त्यामुळे दोन-तीन घटकांचे पट्ट एकमेकांवर पडून एकच अस्पष्ट उंचवटा दिसतो. अतिशय विरल विद्राव वापरून पहिल्या दोन दोषांना आवर घालता येतो, तिसऱ्याला मात्र वेगळा उपाय हवा होता.

घटक आधी अलग करून मग त्यांच्या प्रतिदीप्तीने ओळखणे हा त्यांपैकी सर्वांत सुरक्षित उपाय होय. अफ्लाटॉक्सिनांचा शोध या मार्गाने लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सु. एक लाख टर्की पक्षी अज्ञात रोगाने मृत्यू पावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत वाढलेली ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी त्यास कारणीभूत असल्याचे आढळले. पेंडीचा अर्क वर्णलेखनाने अलग करून जंबुपार दिव्याखाली धरला असता निळे व हिरवे ठिपके चमकले. या विषारी द्रव्यांना मिळालेली ‘बी’ व ‘जी’ ही नावे ‘ब्ल्यू’ व ‘ग्रीन’ या रंगवाचक इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. भारतात १९७४ च्या अखेरीस गुजरात व राजस्थान यांच्या सीमाभागातील आदिवासी खेड्यांत बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने सु. चारशे लोकांना यकृताचा विकार जडला व शंभरांहून अधिक माणसे दगावली. धान्यातील हे विष डोळ्यांस दिसत नाही व चवीनेही कळत नाही. अशा प्रसंगी प्रतिदीप्तीच्या ठिपक्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

मिश्रणाविषयीच्या संशयाचे एक वेगळे उदाहरण भारतीय विज्ञानाच्या इतिहासात आहे. के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये कलकत्ता येथे द्रवांनी विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळ्या रंगाचा क्षीण प्रकाश आढळला व त्यास ‘दुर्बल प्रतिदीप्ती’ मानले गेले. ती द्रवात मिसळलेल्या अशुद्धीमुळे असावी, असा तर्क होता. परंतु द्रव पुनःपुन्हा शुद्ध केला तरी हा प्रकाश नाहीसा होईना. तो ध्रुवित असल्याचेही दिसून आले, तर प्रवाही द्रवातील सामान्य प्रतिदीप्ती बहुधा अध्रुवित असते. चंद्रशेखर वेंकट रामन व के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये हा प्रकाश प्रतिदीप्तीहून भिन्न असल्याचे दाखविले. तोच रामन परिणाम होय. १९१० च्या सुमारास रामन सरकारी अर्थखात्यातील नोकरीनिमित्त काही काळ नागपूर येथे होते. रामन परिणामावर आधारलेली वर्णपटीय पद्धती खनिजे ओळखण्यासाठी आता सर्वत्र वापरली जाते. अशुद्धींची प्रतिदीप्ती या क्षीण वर्णपटाला झाकून टाकते, ही तिच्यातील एक नेहमीची अडचण आहे.

मापनयंत्रांचा विकास : एकोणिसाव्या शतकात प्रतिदीप्तीची तीव्रता डोळ्यांनीच अजमावली जाई. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दृश्य प्रकाश अडवून जंबुपार प्रकाश जाऊ देणारी गाळणी तयार केली. पुढे प्रकाशविद्युत् घट व प्रकाशगुणक नलिका उपलब्ध झाल्या आणि तीव्रता आकड्यांत मोजता येऊ लागली.

या विकासास दुसऱ्या महायुद्धाने चालना दिली. जपानने जावा बेट घेतल्यामुळे दोस्त राष्ट्रांचा क्विनिनाचा पुरवठा तुटला व अटॅब्रीन या कृत्रिम औषधावर भिस्त ठेवावी लागली. हिवताप आटोक्यात आणण्यासाठी रुग्णाच्या रक्तद्रवात या औषधाचे प्रमाण किती असावे, हे ठरविणे आवश्यक होते. न्यूयॉर्क येथील गोल्डवॉटर स्मारक रुग्णालयात बर्नार्ड ब्रॉडी व सिडनी युडेनफ्रेंड यांनी औषध रक्तद्रवातून विद्रावकात काढून घेऊन त्याच्या प्रतिदीप्तीवरून ते मोजण्याची पद्धत बसविली. या अनुभवातूनच रॉबर्ट बोमन, पॅट्रिशिया कॉलफील्ड व युडेनफ्रेंड यांनी १९५५ मध्ये उत्तेजन व उत्सर्जन या दोन्ही तरंगलांब्या स्वतंत्रपणे बदलता येणारा वर्णपटीय प्रतिदीप्तिमापक प्रसिद्धीस आणला. या उपकरणात दोन एकवर्णक असतात. पहिला नमुन्यावर पाडावयाची तरंगलांबी निवडतो व दुसरा बाहेर येणाऱ्या प्रकाशातील तरंगलांबी निवडतो.

दोन एकवर्णकांमुळे दुहेरी खूण प्रत्यक्ष हाती आली. ग्रेगोरिओ वेबर यांनी १९६१ मध्ये तिचा गणिती अर्थ स्पष्ट केला. अनेक उत्तेजक तरंगलांब्या आडव्या ओळींत व अनेक उत्सर्जित तरंगलांब्या उभ्या स्तंभांत मांडून प्रत्येक जोडीची तीव्रता कोष्टकात भरली असता आव्यूह तयार होतो. नमुन्यात एकच प्रतिदीप्तिशील घटक असेल, तर सर्व ओळी एकमेकींच्या पटीत असतात. घटक दोन असतील तर हे प्रमाण बिघडते व दोन स्वतंत्र ओळींच्या मिश्रणाने बाकीच्या ओळी मिळतात. अशा रीतीने आव्यूहाच्या कोटीवरून मिश्रणात किमान किती प्रतिदीप्तिशील घटक आहेत, हे त्यांची नावे माहीत नसतानाही सांगता येते. मिश्रण न मोडता ते वाचण्याच्या प्रयत्नातील हा निर्णायक टप्पा होय. संगणक सुलभ झाल्यावर हे कोष्टक संपूर्ण नोंदवून त्याचे घटकांत पृथक्करण करण्याच्या सांख्यिकीय रीती विकसित झाल्या. नदी व समुद्राच्या पाण्यातील कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली ह्यूमिक द्रव्ये व प्रथिनसदृश द्रव्ये वेगवेगळी ओळखण्यासाठी त्यांचा विशेष उपयोग होतो.

जे. बी. एफ. लॉइड या ब्रिटिश वैज्ञानिकांनी १९७१ मध्ये समकालिक क्रमवीक्षणाची रीत सुचविली. तीत दोन्ही एकवर्णक ठरावीक अंतर राखून एकाच वेळी फिरविले जातात. त्यामुळे रुंद पट्ट अरुंद होतात व मिश्रणातील घटकांची शिखरे सुटी दिसू लागतात. खनिज तेलासारख्या मिश्रणात निरनिराळ्या संख्येची बेंझीन वलये असलेली अनेक संयुगे असतात. वलये वाढतात तशी प्रतिदीप्ती अधिक तरंगलांबीकडे सरकते, त्यामुळे या रीतीने मिळालेला आलेख त्या तेलाची जणू अंगठ्याची खूणच ठरतो. भारतात मद्रासच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डी. पात्रा व ए. के. मिश्रा यांनी बहुघटकी मिश्रणांसाठी या रीतीचा अभ्यास केला असून पेट्रोल व डीझेल यांत केरोसिनाची भेसळ ओळखणे हा त्याचा एक व्यावहारिक उपयोग आहे.

काळाची खूण : तरंगलांबीखेरीज प्रतिदीप्ती किती वेळ टिकते, हीदेखील घटकाची खूण असते. युरेनियमाच्या मापनात तिचा उत्तम उपयोग झाला. व्हिएन्ना येथे फ्रीड्रिख हर्नेगर व बेर्टा कार्लिक यांनी १९३५ मध्ये सोडियम फ्ल्युओराइडाच्या वितळवून थंड केलेल्या मण्यात युरेनियमाची पिवळट हिरवी प्रतिदीप्ती मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अणुऊर्जा कार्यक्रमांत ती जगभर वापरली गेली. लोह व मँगॅनीज यांसारख्या मूलद्रव्यांमुळे या प्रतिदीप्तीचे शमन होत असल्याने खनिजांच्या बाबतीत युरेनियम आधी अलग काढावे लागे. १९७० नंतरच्या दशकात लेसर प्रतिदीप्तिमापक तयार झाले. पाण्यातील कार्बनी द्रव्यांची प्रतिदीप्ती सेकंदाच्या काही अब्जांश भागात विझते, तर फॉस्फेटयुक्त विद्रावातील युरेनिल आयनाची प्रतिदीप्ती त्याच्या हजारो पट अधिक काळ टिकते. लेसरच्या क्षणिक स्पंदानंतर किंचित थांबून मापन केले, की कार्बनी द्रव्यांचा प्रकाश निघून गेलेला असतो व केवळ युरेनियमाचाच प्रकाश उरतो. येथे मिश्रणाचे घटक पात्रात अलग न करता काळात अलग केले जातात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या देशातील भूजलातील युरेनियमाच्या पाहणीत प्रतिदीप्तिमापकांचा उपयोग करण्यात आला आहे.

क्ष-किरण प्रतिदीप्ती : विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरणांचा सुगावा लागला तोच बेरियम प्लॅटिनोसायनाइडाच्या पडद्यावरील प्रतिदीप्तीमुळे. क्ष-किरणांनी उत्तेजित झालेली मूलद्रव्ये स्वतःचे वैशिष्ट्यपूर्ण क्ष-किरण बाहेर टाकतात, हे चार्ल्स बार्क्ला यांनी त्यानंतरच्या पंधरा वर्षांत दाखविले. हेन्री मोझली यांनी १९१३–१४ मध्ये या किरणांच्या कंप्रतेचे वर्गमूळ अणुक्रमांकाबरोबर नियमितपणे वाढते, असे सिद्ध केले. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले. त्यांच्या नियमामुळे प्रत्येक मूलद्रव्याला न पुसता येणारा क्रमांक मिळाला.

हे किरण अणूच्या आतील कवचांतून निघतात. रासायनिक बंध बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी बनत असल्याने मूलद्रव्य कोणत्याही संयुगात असले, तरी त्याचे क्ष-किरण जवळजवळ तेच राहतात. रासायनिक पृथक्करण थकते तेथे या गुणाचे महत्त्व कळते. हाफ्नियम हे मूलद्रव्य रासायनिक दृष्ट्या झिर्कोनियमाशी इतके मिळतेजुळते आहे की, झिर्कोनियमाच्या खनिजांत असूनही ते रसायनशास्त्रज्ञांच्या नजरेस आले नव्हते. डर्क कॉस्टर व ग्यॉर्ग हेव्हेशी यांनी १९२३ मध्ये कोपनहेगन येथे क्ष-किरण वर्णपटावरून ते शोधून काढले. क्ष-किरणांनीच नमुना उत्तेजित करून त्याचे मात्रात्मक विश्लेषण करण्याची पद्धत रिखार्ट ग्लोकर व एच. श्रायबर यांनी १९२८ मध्ये मांडली व १९४८ मध्ये हर्बर्ट फ्रीडमन व एल. एस. बर्क्स यांनी अमेरिकेत आधुनिक स्वरूपाचा क्ष-किरण प्रतिदीप्तिमापक तयार केला. फ्रान्समधील रेमाँ कास्तँ यांनी १९५१ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या बारीक शलाकेने नमुन्याच्या सु. एक मायक्रोमीटर आकाराच्या भागातून हे किरण काढून त्याचे विश्लेषण करणारे सूक्ष्मशलाका उपकरण वर्णिले. यात उत्तेजन इलेक्ट्रॉनांनी होत असल्याने काटेकोर अर्थाने ही प्रतिदीप्ती नव्हे, पण बाहेर पडणारे किरण व त्यांच्या वाचनाचे नियम तेच आहेत.

मिश्रणाचे दोष येथेही सुटत नाहीत. लोह व निकेल यांची मिश्रधातू घेतली, तर निकेलाच्या ७.४८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांना लोहाचा अणू शोषू शकतो, कारण त्यासाठी ७.११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरेशी असते. परिणामी निकेल प्रत्यक्षाहून कमी व लोह अधिक असल्याचे भासते. हा दोष काढण्यासाठी खडकाची पूड लिथियम बोरेटात वितळवून काचेसारखी चकती करतात, ज्ञात संघटनाच्या प्रमाणित नमुन्यांशी तुलना करतात किंवा गणिताने दुरुस्ती करतात.

काटोल अशनी : काटोल हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूरच्या वायव्येस असून संत्र्यांच्या बागांसाठी ते प्रसिद्ध आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास या परिसरात आकाशात स्फोटासारखा आवाज झाला व गावात आणि आसपासच्या भागात दगड पडले. गोळा झालेल्या तुकड्यांचे एकूण वस्तुमान सु. १३ किग्रॅ. आहे. अशनी पडताना पाहिली जाणे व तिचे तुकडे लगोलग हाती येणे ही विरळा घटना असते. पाऊस, हवा व माती यांच्या संपर्काने अशनीतील धातू गंजू लागतो व मूळ मिश्रण बिघडते. काटोलचे तुकडे पावसाळ्यापूर्वी मिळाले, हे या दृष्टीने महत्त्वाचे होते.

काटोल अशनी ‘एल–६’ या वर्गातील सामान्य कॉन्ड्राइट आहे. अशा दगडात ऑलिव्हीन, पायरोक्सीन व प्लॅजिओक्लेज ही सिलिकेट खनिजे, ट्रॉइलाइट हे लोहाचे सल्फाइड आणि लोह-निकेल मिश्रधातूचे कण परस्परांत विखुरलेले असतात. हॅरल्ड यूरी व हार्मन क्रेग यांनी १९५३ मध्ये लोहाच्या प्रमाणावरून कॉन्ड्राइटांचे गट पाडले. त्यांतील ‘एल’ या कमी लोहाच्या गटात वस्तुमानाच्या सु. २० ते २५ टक्के लोह असते. ‘६’ हा आकडा डब्ल्यू. आर. व्हान श्मुस व जे. ए. वुड यांच्या १९६७ च्या वर्गीकरणातील असून मूळ पिंडातील उष्णतेने दगडाचे जवळजवळ पूर्ण पुनःस्फटिकीभवन झाले असल्याचे तो दर्शवितो. लोहाचे एकूण प्रमाण क्ष-किरण प्रतिदीप्तीने व प्रत्येक खनिजकणातील प्रमाण सूक्ष्मशलाका उपकरणाने मोजता येत असल्याने अशा वर्गीकरणास या पद्धती आधारभूत ठरल्या आहेत.

या दगडात काळ्या, बारीक शिरा आहेत. अवकाशात मूळ पिंडावर दुसरा पिंड आदळला तेव्हा झालेल्या आघाताने त्या क्षणभर वितळून पुन्हा गोठल्या. खरगपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सुजय घोष व त्यांच्या भारत, जपान, जर्मनी आणि इटली येथील सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या शिरांत ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे प्रसिद्ध केले. ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातील सर्वांत विपुल खनिज होय. परंतु ते सु. ६६० किमी. हून अधिक खोलीवरच स्थिर असल्याने पृष्ठभागावर त्याचा नमुना मिळत नाही. निसर्गातील त्याचा पहिला नमुना १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम अशनीत आढळला व २०१४ मध्ये अमेरिकन भौतिकीविज्ञ पर्सी ब्रिजमन यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. पूर्वी अशनींत सापडलेल्या ब्रिजमनाइटाचे संघटन पृथ्वीच्या प्रावरणातील अपेक्षित संघटनाशी जुळत नव्हते. काटोलमधील लोह व ॲल्युमिनियमयुक्त ब्रिजमनाइट मात्र प्रयोगशाळांत तीन दशके कृत्रिम रीत्या बनविल्या गेलेल्या ब्रिजमनाइटाशी अगदी जवळून जुळते. सु. २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली ते थेट वितळलेल्या द्रव्यातून स्फटिकरूप झाले असावे. पृथ्वीच्या बाल्यावस्थेतील द्रवरूप शिलारसाचा महासागर गोठताना काय घडले असेल, याचा लहानसा नमुना म्हणून या शिरेकडे पाहिले जाते.

काटोलच्या उदाहरणावरून पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात येतात. मायक्रोमीटरहून लहान कणांचे हे मिश्रण रासायनिक रीतीने अलग करणे शक्य नव्हते. अम्लात विरघळविले असते, तर ब्रिजमनाइटाचा मागमूसही उरला नसता, कारण द्रवात खनिजाची स्फटिकरचना नाहीशी होते व केवळ मूलद्रव्ये शिल्लक राहतात. पण कणातून निघालेले क्ष-किरणही केवळ मूलद्रव्यांचीच यादी देतात. मॅग्नेशियम, सिलिकॉन व ऑक्सिजन एकाच प्रमाणात असलेले पायरोक्सीन व ब्रिजमनाइट त्यांना सारखेच दिसतात. त्यांच्यातील फरक अणूंच्या रचनेत असून तो इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने कळतो. त्याचप्रमाणे लोहाची संयुजा ओळखण्यासाठीही निराळे मापन लागते. काटोलच्या ब्रिजमनाइटात एकूण लोहापैकी फेरिक लोहाचा अंश सु. ०.६९, तर त्याच्या शेजारच्या मेजोराइट या खनिजात तो सु. ०.३७ आढळला. खोल प्रावरणात लोहाची विभागणी कशी होते, याविषयी प्रयोगशाळेत मिळालेल्या निष्कर्षांना यामुळे पुष्टी मिळाली.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात प्रकाशोत्सर्जक डायोड व लहान संवेदक यांमुळे प्रतिदीप्तिमापक हातात मावण्याइतके छोटे झाले आहेत. सराफांकडील सोन्याची शुद्धता क्ष-किरण प्रतिदीप्तीने काही मिनिटांत व दागिना न वितळविता तपासली जाते. संत्रे, मोसंबी इ. फळांच्या सालीतील तेलात प्रतिदीप्तिशील द्रव्ये असतात. साल दुखावून तेल बाहेर आले, की तो भाग जंबुपार प्रकाशात उजळतो. फळे बांधणीपूर्वी निवडताना कूज ओळखण्यासाठी काही देशांत याचा उपयोग केला जातो. चांद्रयान–२ वरील उपकरण सूर्याच्या क्ष-किरणांनी चंद्रपृष्ठभागात निर्माण केलेली प्रतिदीप्ती नोंदविण्यासाठी बनविलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान–३ च्या प्रज्ञान या फिरत्या वाहनावरील आल्फा कण व क्ष-किरण वर्णपटमापकाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील मातीत गंधक असल्याची पुष्टी केली. ज्या मातीचा नमुना पृथ्वीवर आणलेला नाही तिचे मिश्रण अशा रीतीने जागच्या जागी वाचता आले.

मिश्रण न मोडता वाचण्याची स्टोक्स यांची अपेक्षा बऱ्याच अंशी सफल झाली असली, तरी कोणतीही एक खूण पुरेशी नसते, हा या इतिहासाचा निष्कर्ष आहे. उत्तेजनाची तरंगलांबी, उत्सर्जनाची तरंगलांबी, प्रतिदीप्तीचा काळ व पदार्थाची रचना यांची जोड मिळत गेली, तसतसा निर्णय विश्वसनीय होत गेला. या पद्धतींना लागणारा नमुना अत्यल्प असल्याने दुर्मिळ वस्तूंचा मोठा भाग अबाधित राहतो. काटोल अशनीच्या जतन केलेल्या तुकड्यांवर अधिक सूक्ष्म उपकरणांनी पुन्हा काम करता येईल, हा त्याचा एक मोठा लाभ होय.